ब्रेमेनची शेवंती

आमच्या घरी वाढदिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. नोव्हेंबरात ब्रेमेन आणि पुणे यांच्या घड्याळांत साडेचार तासांचा फरक असतो. इथे साडेसात वाजले की औंधात रात्रीचे बारा वाजतात आणि फोन खणखणू लागतो. आधी सासूबाई, मग मेहुणा, मग कोथरूडची आत्या, मग बायकोच्या शाळेतल्या मैत्रिणी. तिनं हे ऑफिसात सांगितलं तेव्हा जर्मन सहकारी दचकले. इथे वाढदिवस उजाडायच्या आत शुभेच्छा देणं अशुभ मानतात. चांगले शिकलेसवरलेले इंजिनिअरही आदल्या दिवशी त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. शिवाय ऑफिसात केक आणायचा तो ज्याचा वाढदिवस असेल त्यानंच.

तरी बेसावध माणसाला गाठून त्याचा वाढदिवस करणं या शहराला चांगलं कळतं. अविवाहित पुरुष तिशीचा झाला की मित्र त्याला सेंट पेत्री कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर आणतात. कुणी बाटल्यांची बुचं विखुरतं, आणि त्यानं झाडून काढायची. एखाद्या मुलीनं येऊन पापी घेतली की सुटका. मुलींची तिशी आली तर त्यांना दाराच्या मुठी घासून लखलखीत कराव्या लागतात. भर चौकात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या साक्षीनं हे सगळं चालतं. मला हा प्रकार मनापासून आवडतो. एका माणसाच्या आयुष्यात काहीतरी घडतंय याची दखल गाव घेतं.

पुण्यात घरच्या घरी कुणाला चकित करायचं असेल तर सगळी इमारतच कटात सामील होते. केकचा खोका शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये, भेटवस्तू वरच्या मजल्यावर, किल्ली तर समोरच्यांकडे कायमच ठेवलेली. वॉचमनला ठाऊक असतं, दूधवाल्याला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त उत्सवमूर्तीला. परदेशात दोन खोल्यांच्या घरात दोघंच. कपाट एक, फ्रिज एक, आणि बँकेच्या खात्यातला प्रत्येक खर्च दोघांच्या फोनवर उमटणारा. इथे वस्तू लपवायला जागा नसते, त्याहून अवघड म्हणजे ती कुणाकडे लपवायची हा प्रश्न असतो. आपल्या घरातलं गुपित सांभाळेल असं एक तरी माणूस परक्या शहरात असावं लागतं.

आम्हाला ते माणूस कुरियरनं मिळवून दिलं. जर्मनीत घरी कुणी नसलं की पार्सल शेजाऱ्यांकडे ठेवतात आणि तुमच्या टपालपेटीत तशी चिठ्ठी टाकून जातात. आमची पार्सलं नेहमी खालच्या मजल्यावरच्या आजींकडे असायची. आणायला गेलं की दारात दोन वाक्यं, मग हळूहळू आत कॉफी. ब्रेमेन हे कॉफीचं बंदर. कॅफिन काढलेली कॉफी विकणारी हाग कंपनी १९०६ साली इथेच निघाली. आजी मात्र कडक कॉफी पितात आणि पाहुण्यालाही तीच देतात. यंदा सासूबाईंनी औंधहून बायकोसाठी खोका पाठवला तो मी मुद्दाम आजींच्या नावानं मागवला. आत बाकरवडी, कयानीची श्रुसबेरी बिस्किटं, फुलवाती आणि तिच्या लहानपणीचं पितळी निरांजन. पेढे-बर्फी नाही, कारण युरोपाबाहेरून दुधाचे पदार्थ टपालानं आणायला बंदी आहे, आणि घरच्या माणसानं पाठवलेली भेट असली तरी जकात माफ होते ती ४५ युरोंपर्यंतच. सासूबाईंनी प्रत्येक वस्तूची किंमत मांडून यादी केली होती. लेकीच्या वाढदिवसाचा खोका भरताना ७२ वर्षांच्या बाईनं जकातीचे नियम समजून घेतले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण मला तिला द्यायची होती ती शेवंतीची वेणी. गेल्या वर्षी याच दिवसांत रीन्सबर्गच्या दफनभूमीजवळून जाताना फुलवाल्याच्या दारात पिवळ्याधमक शेवंतीच्या कुंड्या रांगेनं मांडलेल्या दिसल्या. ती थांबली, वाकून वास घेतला, म्हणाली, 'मार्गशीर्षात आई दर गुरुवारी आणायची.' एवढंच, आणि आम्ही ट्रॅम पकडली. जोडीदाराला काय द्यावं हे मनात साठतं ते अशाच बोलण्यातून. वाढदिवस आठवड्यावर आला की 'तुला काय हवंय' विचारणारा नवरा मला तरी अपुरा वाटतो. वर्षभर ती बोलत असते तेव्हा आपण कुठे असतो?

यंदा तिचा वाढदिवस आला रविवारी, आणि तो रविवार मृतांच्या स्मरणाचा. ॲडव्हेंटच्या आधीचा शेवटचा रविवार प्रॉटेस्टंट लोक त्यासाठी राखतात. घरोघरची माणसं कबरींवर फुलं आणि दिवे ठेवून येतात. त्यामुळे त्या आठवड्यात शेवंती हवी तेवढी मिळते. पण ती इथे कबरीवरचं फूल म्हणूनच ओळखली जाते. मी शनिवारी सकाळी मोठा जुडगा घेऊन आजींच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. कोण गेलं, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. मी त्यांना बसवून सांगितलं, की आमच्याकडे थंडीत हेच फूल मंडईत ढिगानं येतं, देवाला जातं, दाराच्या तोरणात जातं आणि बायकांच्या केसांत जातं. त्या बराच वेळ फुलांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलं.

बायको शनिवारी पोहायला जाते. तेवढ्या वेळात वेणी व्हायला हवी होती. कोथरूडहून आत्या व्हिडिओवर आली. देठ बोटाच्या पेराएवढेच ठेवायचे, त्याहून आखूड केले तर गाठ सुटते. सुती दोरा पाण्यात भिजवून घ्यायचा. दोन फुलं एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, देठावर देठ आडवे, त्यांना दोऱ्याचा विळखा आणि विळख्यातूनच टोक ओढून गाठ. ओढ कमी पडली तर फूल डोलतं, जास्त झाली तर देठ कापला जातो. आत्या तिकडून 'दाब, अजून दाब' म्हणत होती आणि आजींनी दोऱ्याचं दुसरं टोक दोन बोटांत घट्ट धरलं होतं. तयार वेणी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या बाल्कनीत ठेवली. नोव्हेंबरातल्या ब्रेमेनला फ्रिजची गरज नाही.

संध्याकाळी साडेसातला नेहमीप्रमाणे फोन सुरू झाले. कुणाच्याही आवाजात काही जाणवलं नाही. आत्यानं तर 'यंदा काय करणार आहात?' असं मला विचारलंसुद्धा.

रविवारी इथे दुकानं बंद, म्हणून वाटाणे आणि ब्रेड आदल्या दिवशीच आणून ठेवले होते. नोव्हेंबराच्या शेवटी सूर्य आठच्या सुमारास उगवतो, म्हणजे पुण्यात दुपारचे साडेबारा, आणि रविवार असल्यामुळे औंधच्या घरी सगळे हजर. तिला पूर्वेच्या खिडकीपाशी बसवलं. ती तोवर समजत होती की मी चहा आणतोय. तिनं निरांजन ओळखलं ते आधी हातानं. काठाला एका जागी पोचा आहे, त्यावरून तिचं बोट फिरलं. घरच्या तुपात फुलवात लावली, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी सगळं रीतसर ओवाळलं. औक्षण आई करते, सासू करते, बहीण करते, आणि पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. नवऱ्यानं बायकोला ओवाळू नये असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. जिथे या माणसांपैकी कुणीच हाताशी नाही, तिथे तो मान नवऱ्याचाच.

मग आजी वर आल्या, हातात ओलं फडकं. बायकोचे केस आता मानेपर्यंतच आहेत, त्यामुळे वेणी माळायला पिना बऱ्याच लागल्या. आजींनी त्या एकेक करून खोचल्या. औंधातून सासूबाई 'डावीकडे, जरा वर' असं मराठीतून सांगत होत्या आणि आजी अचूक डावीकडे, जरा वर जात होत्या. बायको दोघींच्या मध्ये बसून रडत होती, हसत होती आणि 'तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?' हा एकच प्रश्न दोन भाषांत विचारत होती.

औंधात एक ब्रेमेन चौक आहे. दोन्ही शहरांच्या मैत्रीखातर त्याला हे नाव दिलेलं आहे, आणि कॉलेजच्या दिवसांत विद्यापीठाकडे जाताना ती रोज तिथून जायची. त्या दिवशी मटार उसळीबरोबर ब्रेड खाताना तिनं आजींना हे पहिल्यांदा सांगितलं. आजींना ते खरंच वाटेना. मेहुण्यानं त्याच दुपारी चौकात जाऊन पाटीचा फोटो काढून पाठवला. जेवण झाल्यावर आजी आपली शेवंती घेऊन नवऱ्याच्या कबरीवर गेल्या आणि या वेळी आम्ही दोघंही त्यांच्याबरोबर गेलो.

सोमवारी ऑफिसात केक न्यायचा होता. तो इथल्या रिवाजाप्रमाणे रात्री तिनंच भाजला. मी सफरचंदं चिरून दिली.