आप्पांचा पिट्ठू आणि माझी पाठ



मिरगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांत एकच विषय असतो. यंदा पावनखिंडीला कोण कोण येणार? बेळगावहून कोल्हापूर, तिथून पन्हाळा, आणि मग दोन दिवस चालत पावनखिंड. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडं निसटले, बाजीप्रभूंनी जिथं खिंड अडवून धरली, ती वाट. आता दर जुलैत हजारो लोक तिथून चालतात. आमच्या घरातले पुरुष दर वर्षी जायचे आणि परत आल्यावर चिखलाचे बूट धुवायचं काम तेवढं आमच्याकडं यायचं. चार वर्षांपूर्वी मी आणि माझी धाकटी ननंद, दोघींनी ठरवलं, की यंदा बूट आपलेच मळवायचे.

माझं वय तेव्हा सेहेचाळीस. शाळेत मास्तरीण. चालायची सवय होती, म्हणजे टिळकवाडीतून बाजारात जाऊन यायची. सॅक मात्र नव्हती. मग मला माहेरचा पिट्ठू आठवला.

माझं माहेर येळ्ळूर, राजहंसगडाच्या पायथ्याचं. आमच्या भागात घरटी एक तरी फौजी निघतो. माझे आप्पा १९६३ साली मराठा रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. रेजिमेंटचं सेंटर बेळगावातच, त्यामुळं आम्हा पोरांना फौज म्हणजे काही लांबची गोष्ट वाटायची नाही. त्यांचा हिरवा कॅनव्हासचा पिट्ठू माजघरात खुंटीला असायचा. फौजेत पाठीवरच्या बोज्याला पिट्ठूच म्हणतात. त्याच्यावर पांढऱ्या रंगानं आप्पांचा नंबर लिहिलेला. लहानपणी त्याला हात लावायची आमची टाप नव्हती.

मी मागितला तेव्हा आप्पा जरा गप्प बसले. मग म्हणाले, "चांगला हाय गं, खरं माझ्या मापाचा हाय." आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे बेळगाव-कोल्हापूरकरांना सांगायला नको. मला वाटलं, वस्तू द्यायला त्यांचं मन होत नाही. मी हट्टच धरला. बापाचा पिट्ठू पाठीला लावून बाजीप्रभूंच्या वाटेनं चालायचं, ह्या कल्पनेनंच माझा ऊर भरून आला होता. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापुढं फोटोही काढले. त्या फोटोत मी छान हसतेय.

आता त्यात मी काय काय भरलं होतं ते ऐका. एक सोलापुरी चादर, दोन टॉवेल, तीन ड्रेस, चिवड्याचा स्टीलचा डबा, सगळ्यांना वाटायला एक किलो कुंदा, दोन बाटल्या पाणी, टॉर्च, औषधं. शेवटच्या क्षणी ननंदेनं आपला दम्याचा पंपही दिला. "वहिनी, तुमच्याकडंच राहू दे, माझी बॅग लहान आहे." मी तो टॉवेलात गुंडाळून आत सरकवला आणि वर आणखी चार वस्तू कोंबल्या. आदल्या दिवशी किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं होतं, तेरा किलो. मी स्वतः अठ्ठावन्न. दुकानदार म्हणाला, "बाई, लग्नाला चाललाय काय?"

म्हाळुंगे मागं टाकून मसाई पठारावर चढेपर्यंत माझी हौस फिटली. पठार फार सुंदर आहे, धुकं, हिरवं गवत, एक टप्पा संपला की दुसरा. मला दिसत होते फक्त पुढच्याच्या टाचा. सगळा बोजा खांद्यांवर. पट्टे रुतत होते, म्हणून मी वाकून चालत होते, आणि वाकले की डब्याची कड मणक्यात घुसत होती. पिट्ठूला कमरेला बांधायचा पट्टा होता, पण तो माझ्या मांड्यांवर यायचा, म्हणून मी तो सोडूनच दिला. कॅनव्हास पाणी पितो. दुपारनंतर तेरा किलोचे किती झाले देव जाणे.

खोतवाडीच्या पुढं रानात अंधार पडला. करपेवाडीचा मुक्काम अजून लांब होता. चिखल घोट्याच्या वर. आणि ननंद थांबली. हात गुडघ्यावर टेकून उभी राहिली, छातीतून शिट्टीसारखा आवाज. म्हणाली, "वहिनी, पंप."

मंडळी, तो पंप मला सापडेना.

टॉर्चही पिट्ठूतच, तळाला. कुणीतरी मोबाईलचा उजेड धरला. मी वरून एकेक वस्तू काढून चिखलात टाकत गेले. चादर, डबा, कुंद्याचं पुडकं, ओले कपडे. हात थंडीनं बधिर झालेले, बक्कल निघेना. कुंद्याचं पुडकं फुटलं. कुठल्या टॉवेलात गुंडाळला होता ते आठवेना. ती काही बोलत नव्हती, तिला बोलताच येत नव्हतं. आठ मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. पंप मिळाला, तिनं दोनदा घेतला, पाठ टेकून बसली, हळूहळू श्वास लागला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "कुंदा वाया गेला की हो."

कुणी मला एक शब्द बोललं नाही. त्या रात्री करपेवाडीत सगळे मेल्यासारखे झोपले, मी जागीच होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुढं चाललो नाही. मिळेल त्या गाडीनं कोल्हापूर गाठलं. पावनखिंड त्या वर्षी राहिली.

पिट्ठू परत द्यायला येळ्ळूरला गेले. आई माझ्या खांद्यांना तेल चोळत होती, पट्ट्यांचे काळेनिळे वळ उठले होते. आप्पा आत आले, बघून म्हणाले, "पाठ तुझी आणि पिट्ठू माझा. जमंल कसं?" मग मी सगळं सांगितलं. पंपाचं सांगताना रडू आलं.

आप्पांनी खाटेवर बसून आपला डावा हात पुढं केला. "ही करंगळी आणि शेजारचं बोट, कित्येक वर्षं झाली, नीट कळत नाही मला. शर्टाची वरची गुंडी लागत नाही." मी लहानपणापासून बघत आलेय, सकाळी आई आप्पांची गुंडी लावते. आम्ही भावंडं ते प्रेम समजत होतो. आप्पांच्या मते ते पिट्ठूच्या पट्ट्यामुळं झालं. पुढं एका फिजिओथेरपिस्टनं मला सांगितलं, की जड बोज्याचे पट्टे खांद्यात रुतले की हाताकडं जाणाऱ्या नसा दबतात आणि मुंग्या येतात. बहुतेकांचं बरं होतं. आप्पांना तेच झालं होतं की दुसरं काही, ते कुणी तपासलंच नाही. त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

आप्पांनी आईला शिवणाची टेप आणायला सांगितली. मला सरळ उभं केलं. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जे हाड वर येतं, तिथून खाली कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत माप घेतलं. सोळा इंच. मग आईला आपलं घ्यायला लावलं. साडेएकोणीस. "साडेतीन इंचाचा फरक. बोजा कमरेवर बसणार कुठं?"

सॅक घेताना उंची बघायची नाही, पाठीची लांबी बघायची, हे मला तेव्हा कळलं. उंच बाईची पाठ आखूड असू शकते, बुटक्या माणसाची लांब. सॅकचा रुंद, गादीचा पट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. बहुतेक वजन तिथून पायांवर जातं. खांद्यांचे पट्टे सॅक मागं पडू नये एवढ्यापुरते.

पुढच्या मे महिन्यात गोव्याला भाचीच्या लग्नाला गेलो, तेव्हा तिथल्या एका मोठ्या दुकानात शिरलो. आप्पा टोपी घालून बरोबर. पोरगा म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण ट्रेकला?" आप्पा म्हणाले, "मी जाऊन आलोय."

मला एक निळी सॅक आवडली होती. बाहेरून अकरा खिसे, शिवाय सवलतीत. आप्पांनी त्या पोराकडून आत आठ किलो वजन टाकून घेतलं आणि मला दुकानात चालायला लावलं. पाच मिनिटांत पट्टा पोटावर सरकला. "काढ." दुसरी घातली. आधी कमरेचा पट्टा घट्ट करायचा, मग खांद्यांचे, मग खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडं जाणारे बारीक पट्टे ओढायचे, शेवटी छातीवरचा, आणि तो श्वास अडेल एवढा आवळायचा नाही. दुकानाचा जिना मी सहा वेळा चढले-उतरले. खांदा आणि पट्टा ह्यांत बोट जातंय का ते आप्पा मधूनमधून बघत होते. चौथी सॅक जमली. पंचेचाळीस लिटरची, पाठीची लांबी खालीवर करता येणारी, रंग मातकट. दोन-तीन दिवसांच्या चालीला चाळीस ते पन्नास लिटर पुष्कळ झाली. मोठी घेतली की आपण ती भरतोच. पैसे देताना माझा हात जरा अडखळला, दोन चांगल्या साड्या आल्या असत्या. आप्पा पुढं होऊन म्हणाले, "साडी पाठ धरत नाही."

भरण्याचं काम आईनं हातात घेतलं. जुन्या लुगड्यांच्या नाडीच्या पिशव्या शिवल्या. लाल औषधांची, पिवळी खाण्याची, हिरवी कोरड्या कपड्यांची, पांढरी बारीकसारीक वस्तूंची. आत सगळ्यात आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, कारण वरचं रेनकव्हर आपल्या पावसाला पुरत नाही, पाठीच्या बाजूनं पाणी शिरतंच. तळाला रात्री लागणारं पांघरूण आणि कपडे. जड वस्तू मध्ये, पाठीला चिकटून. हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूला. वाटेत लागणारं सगळं वर. चादर गेली, पातळ स्लीपिंग बॅग आली. स्टीलचा डबा गेला. सगळं मिळून, पाण्यासकट, साडेआठ किलो. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवावं म्हणतात. आमच्या वयाला त्याहून कमी बरं.

मग आप्पांची परीक्षा. अंगणात मला डोळे मिटून बसवलं. "एका हातानं काढायचं. टॉर्च!" काढली. "रेनकोट!" काढला. "पंप!" माझा हात कमरेच्या पट्ट्यावरच्या छोट्या खिशात गेला. "परत." असं दहा वेळा. शेजारची पोरं हसत होती. मला हसू येत नव्हतं. नंतर त्यात तांदूळ भरून चार रविवार राजहंसगड चढले.

पुढच्या जुलैत आम्ही दोघी पुन्हा गेलो. ननंदेनं एक पंप गळ्यातल्या पिशवीत घातला होता, दुसरा माझ्या पट्ट्यात. मसाई पठार मला त्या वर्षी दिसलं. दुसऱ्या दिवशी पांढरेपाण्याच्या अलीकडं तिला जरा धाप लागली. गळ्यातली पिशवी रेनकोटाच्या आत अडकली होती. मी चालता चालताच पंप काढून हातात दिला. तिनं घेतला, पाच मिनिटं थांबलो, निघालो. मागून येणाऱ्या लोकांना काही कळलंही नाही. पावनखिंडीत उतरलो तेव्हा पाऊस कोसळत होता, आणि दोघींना एकमेकींच्या तोंडाकडं बघवेना.

परत आल्यावर सॅक घेऊन येळ्ळूरला गेले. आप्पांनी विचारलं, "बघू घालून?" मी पाठीची लांबी त्यांच्या मापाला लावली, कमरेचा पट्टा आवळून दिला. साडेआठ किलो तसेच होते. एकोणऐंशी वर्षांचे आप्पा तुळशीपासून फाटकापर्यंत गेले, वळले, परत आले. पुन्हा एक फेरी मारली. थांबले. खांद्याच्या पट्ट्याखाली डाव्या हाताचं बोट घालून बघितलं.

"वजन कुठं गेलं गं?" म्हणाले.

आई दारात उभी होती. कुणी काही बोललं नाही. मग आप्पांनी सॅक उतरवली, नीट उभी करून ठेवली आणि चहा मागितला.

पिट्ठू अजून माजघरात खुंटीलाच आहे. आता तो मी पाठीला लावणार नाही, पण दर दसऱ्याला त्याला फूल वाहते.

यंदा कुणी पहिल्यांदा निघणार असाल, तर घरातली जुनी सॅक उचलण्याआधी शिवणाची टेप काढा. आणि औषध कुठं ठेवलंय ते बरोबरच्या माणसाला दाखवून ठेवा. तुमच्याही घरात खुंटीला असा एखादा पिट्ठू, ट्रंक, वळकटी असेल, तर ती कुणी वाहिली, आणि वाहणाऱ्याला काय झालं, ते जरूर लिहा. माणूस समोर बसलेला असेल तर आधी त्यालाच विचारा.