मुखदुर्बळ बातमीदार

शिशाचं टपोरं डोकं, त्यातच ओतून बसवलेला गळ, मानेभोवती सिलिकॉनच्या बारीक पट्ट्यांची तपकिरी झालर आणि गळाच्या टोकापुढे राठ केसांचा झुपका. जिग या मासेमारीच्या आमिषाचं रूप एवढंच. वजन बहुधा चौदाएक ग्रॅम. दुकानातल्या चकाकत्या, गिरक्या घेणाऱ्या आमिषांत नवशिक्याचा हात याच्याकडे जात नाही. स्वारी स्वतःहून काही करतही नाही. पाण्यात टाकली की बुडते आणि पडून राहते.

अमेरिकेत मिसुरी-आर्कान्सा सीमेवरच्या टेबल रॉक जलाशयात बास मासा पकडणाऱ्यांचा मात्र याच्यावर भारी जीव. व्हाइट नदीवरचं हे धरण १९५८ साली पूर्ण झालं आणि दरीतली सीडरची झाडं उभीच्या उभी पाण्याखाली गेली. बास त्यांच्याच आडोशाला. तिथली खबर आणावी ती जिगनंच.

दोरा तर्जनीवर घेऊन सावकाश ओढत आणलं की हा बोलू लागतो. खडीवर बारीक कुरकुर. खडकावर कोरडी टकटक. गाळात मौन, नुसता जडपणा. फांदी आली की दोरा ताणत जातो, जिग तिच्यावर चढतो आणि पलीकडे सुटून खाली जातो. पुष्कळदा बास त्याला या उतरणीतच गाठतो. झुपका गळाला लाकडात रुतू देत नाही. तरी अडकलाच, तर हिसका मारू नये, गडी हट्टाला पेटतो. दोरा ढिला सोडून काठीचं टोक थरथरवावं.

माशाची वर्दी मात्र फार आडून येते. बास जबडा उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो आणि पटलं नाही तर लगेच थुंकतो. त्यामुळे हाताला धक्का बसेलच असं नाही. कधी ओल्या चिंधीसारखं लिबलिबीत ओझं लागतं, कधी दोरा आपसूक बाजूला सरकतो, कधी हातातलं वजनच नाहीसं होतं. नवशिके धक्क्याची वाट बघत राहतात. माझ्या मते आधी मासा विसरावा आणि नुसता तळ चाचपावा. कुरकुर ओळखीची झाली की तिचं थांबणं कळतं.

जिगचं शिसं गिळून लून हे पाणपक्षी मरतात, म्हणून न्यू हॅम्पशायरमध्ये शिशाच्या हलक्या जिगना बंदी आहे. टंगस्टनचा भाऊबंद अंगानं लहान, कठीण आणि जास्त बोलका. पण महाग इतका, की तो सीडरमध्ये गुंतला तर लोक दोरा तोडण्याआधी होडी वळवून झाडाच्या पलीकडे जातात आणि तिथून त्याची मनधरणी करतात.