फसलेल्या पीसीआरची नोंद

आज एम.एस्सी.च्या मुलांच्या वह्या तपासल्या. बहुतेकांनी ‘पीसीआर फसला’ एवढंच लिहून पान उलटलंय. एकीला मात्र निगेटिव्ह कंट्रोलमध्येही बँड दिसला. तिनं आधी प्रायमरची नवी कुपी वापरली, मग पाणी बदललं. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तारखेसकट लिहायची. दोष पाण्यात निघाला. लस बनवणाऱ्या कंपनीच्या गुणवत्ता विभागात बॅच बिघडली की नेमकं हेच काम असतं, पण हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

नेट, पीएच.डी., नाहीतर घरी बसणं. मुलांना एवढ्याच वाटा दिसतात, याचं फार वाईट वाटतं. विज्ञानाची पदवी असलेला, 21 वर्षं पूर्ण केलेला भारतीय नागरिक पेटंट एजंटची परीक्षा देऊ शकतो, हे सांगितल्यावर वर्ग चकित झाला. पेटंटच्या कामात एकेक वाक्य तोलून लिहावं लागतं. आमच्याकडे मुलं मात्र अजून एकमेकांचं जर्नल उतरवून काढतात.

आकडेवारीसाठी ‘आर’ शिकवायला तास नाहीत म्हणे. मला हे पटत नाही. सॉफ्टवेअर फुकट आहे, डेटा मुलांच्याच हातात आहे. पुढच्या सत्रात एक प्रात्यक्षिक मी मागूनच घेणार. स्वतःच्या डेटाचा आलेख काढायचा आणि तो इतिहासाच्या विद्यार्थ्याला समजावून सांगायचा.