हँडब्रेक लावू नये

आमच्या सोसायटीच्या आवारात तीन पाट्या आहेत. एक थुंकण्याबद्दल, एक फेरीवाल्यांबद्दल. तिसरी वाचून बाहेरचा माणूस हमखास थबकतो: ‘गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. हँडब्रेक लावू नये. चाके सरळ ठेवावीत. आदेशावरून.’

अंबरनाथ पश्चिमेला कल्याण-बदलापूर रस्त्यापासून जरा आत वळलात की नव्वदच्या दशकातल्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती लागतात. आमची त्यातलीच एक. बिल्डरने नकाशा काढला तेव्हा इथला माणूस स्टेशनपर्यंत चालत जाणार आणि फार तर एखादी स्कूटर घेणार, असा हिशेब होता. तेव्हा तो बरोबरच होता. आता २४ घरांत १३ गाड्या आहेत आणि आवारात नीट लावल्या तर ८ मावतात. उरलेल्या ५ ‘आडव्या’ लागतात, म्हणजे आतल्या गाड्यांची वाट अडवून. आतली गाडी काढायची तर आडवी ढकलायची. म्हणून ती न्यूट्रलला हवी आणि तिचा ब्रेक सुटलेला हवा. चाकं सरळ हवीत, कारण किल्ली काढली की स्टिअरिंग लॉक होतं आणि वाकड्या चाकांची गाडी ढकलली की ती थेट भिंतीकडे निघते.

ढकलण्याचीही पद्धत आहे. बॉनेटवर जोर द्यायचा नाही, पत्रा दबतो. दिव्यांवर हात ठेवायचा नाही. खांबाला, म्हणजे काच आणि दरवाजा यांच्यामधल्या जाड भागाला, खांदा लावायचा. आधी एक झोका द्यायचा, मग सलग रेटा. आठशे-साडेआठशे किलोची हॅचबॅक सपाट जागी मी एकटी हलवू शकते. हे मी लग्नाच्या बायोडेटात घालायला तयार होते, आईने घालू दिलं नाही.

इथली गाडी ही मुळात उभी राहण्यासाठी घेतलेली वस्तू आहे, असं माझं मत आहे. सोमवार ते शनिवार सगळे लोकलने जातात. गाडी नेऊन ठेवणार कुठे? आणि शिळफाट्याला अडकून मुंबई गाठण्यापेक्षा उभ्याने लोकल परवडते. म्हणजे हप्ता तीस दिवसांचा आणि वापर चार रविवारांचा. शिवाय एखादं लग्न, गणपतीत कोकण, बदलापूरची आत्या, आणि कोणाला अचानक बरं नाहीसं झालं तर. शेवटचं कारण गाडी घेताना कोणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या मते निम्म्या गाड्या त्याच्यासाठीच घेतलेल्या असतात.

सहा दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीला पावसाळ्यात एक रोग होतो. छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत बहुधा ड्रम ब्रेक असतात. हँडब्रेक ओढला की केबल ताणली जाते आणि ड्रमच्या आतले दोन अर्धगोल शू फाकून ड्रमला दाबून धरतात. आत पाणी गेलेलं असेल आणि गाडी तशीच चार-पाच दिवस उभी राहिली, तर लोखंडी ड्रमला गंज धरतो आणि शू तिथेच चिकटून बसतात. मग रविवारी तुम्ही लिव्हर खाली सोडता, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो, पण गाडी हलत नाही. जोर दिला की मागून ‘खट्ट’ असा आवाज येतो आणि आपण काहीतरी मोडलं असं वाटतं.

बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत मशीनवर होते. लोखंड आणि पाणी यांना एकत्र सोडायचं नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं. जून ते सप्टेंबर त्यांच्या वॅगनआरचा हँडब्रेक लागत नाही. आमची जागा आतल्या रांगेत, त्यामुळे पाटीचा नियम आम्हाला लागू नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, आणि मागच्या चाकाखाली वीट. ही वीट डिकीत गोणपाटात गुंडाळलेली असते. तिच्यासाठी स्टेपनी सरकवली जाते, पण वीट नाही.

बाकीचे आठ महिने मात्र ते हँडब्रेकच्या बाबतीत सोवळ्यातले. गाडी थांबली की पाय ब्रेकवरच, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढायचा, मग पाय उचलायचा, गाडीला ब्रेकवर बसू द्यायचं आणि शेवटी गिअर टाकायचा. ‘वजन ब्रेकने उचलायचं, गिअरने नाही.’ लिव्हर ओढताना ते टोकाचं बटण दाबून ठेवतात, म्हणजे आतल्या दात्यांची झीज होत नाही. मी बटण न दाबता ओढते. मला कट्-कट् मोजायला आवडतं. पाच-सहा दात्यांत गाडी धरली तर ठीक, नऊ-दहावर गेली की केबल आवळून घ्यायची वेळ झाली. आमच्या दोघांत या बटणावरून गेली सहा वर्षं एकमत नाही, आणि दात्यांना अजून तरी काही झालेलं नाही.

हँडब्रेकची खरी परीक्षा आमच्याकडे नेरळला होते. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतच गाडी जाते, पुढे गाड्यांना बंदी. हा रस्ता अरुंद आणि उभा आहे, आणि पावसाळी रविवारी वळणा-वळणावर रांग थांबलेली असते. पुढे टॅक्सी, मागे टॅक्सी, हवेत जळक्या क्लचचा वास. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला हाफ क्लचवर गाडी तोलून धरायला शिकवलं होतं. ते अंबरनाथच्या पुलावर दोन मिनिटं चालतं. इथे क्लच प्लेटची राख होते. बाबांनी दुसरी पद्धत शिकवली: हँडब्रेक ओढून निवांत बसायचं, निघताना क्लच हळूहळू सोडायचा, बॉनेट किंचित वर उचललं गेलं की लिव्हर खाली. गाडी एक इंचही मागे येत नाही. आई बाजूच्या सीटवर बसून दोन्ही हातांनी लिव्हर धरून ठेवते. त्याने काहीही होत नाही, हे तिला माहीत आहे.

त्याच डोंगरावरून माथेरानची छोटी गाडी उतरते. तिथेही बरीच वर्षं हातानेच ब्रेक लावले जात. डब्यांवर ब्रेकमन असत, इंजिनाच्या शिट्टीवर ते ब्रेक आवळत आणि सोडत. २०१६ च्या मे महिन्यात गाडी दोनदा घसरली, सेवा बंद झाली, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत डब्यांना एअर ब्रेक आले होते. मला ते ब्रेकमन आठवतात. पण मुलांना घेऊन त्या गाडीत बसायचं असेल तर मी एअर ब्रेकवालीच निवडेन.

आमच्या पाटीबद्दलही मला तसंच वाटतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२६ सांगतं की सार्वजनिक जागी चालकाविना गाडी उभी करायची तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा ती आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी काही व्यवस्था हवी. सोसायटीचं आवार सार्वजनिक आहे का, यावर आमचे सेक्रेटरी तासभर बोलू शकतात. उतार मात्र कायदा विचारत नाही. आमचं आवार गटाराच्या बाजूला हलकेच कलतं. दोन वर्षांपूर्वी ढकलून ठेवलेली एक आल्टो कोणाच्याही लक्षात न येता पुन्हा निघाली आणि मुलांच्या सायकलींवर जाऊन थांबली. मुलं पाचच मिनिटांपूर्वी वर गेली होती. तेव्हापासून आडव्या गाड्यांनाही विटा आल्या.

तरी पाटी टिकली, कारण तिच्यावर सगळ्यांचं चालत होतं. ब्रेक सोडून जाणं म्हणजे ‘हवी तशी हलवा, फक्त सांभाळा’ असं शेजाऱ्यांना सांगून जाणं. किल्ली द्यायची गरज नाही, रात्री बेल वाजवायची गरज नाही. ऑटोमॅटिक आल्या तेव्हाही सुरुवातीला काही बिघडलं नाही. २०१४ मध्ये सेलेरिओ एएमटी घेऊन आली, तिच्यात ‘पी’ नावाची जागाच नव्हती. आमच्याकडे तशा दोन आहेत, न्यूट्रलला ठेवल्या की गुमान ढकलल्या जातात.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने नवी एसयूव्ही घेतली. तिच्यात लिव्हर नाही, बटण आहे. ‘पी’ मध्ये टाकल्याशिवाय ती बंद होत नाही, आणि बंद झाली की मागच्या चाकांना मोटरने ब्रेक लागतो. पेढे सगळ्यांनी खाल्ले. पाटीचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीत एका रात्री अडीच वाजता पहिल्या मजल्यावरच्या काकूंना श्वास घेता येईना. त्यांच्या मुलाची गाडी आतल्या रांगेत, पुढे आडवी ती एसयूव्ही. ते दोघं लग्नाला नाशिकला ट्रेनने गेलेले, किल्ली पर्समध्ये. आम्ही सहा जणांनी खांदे लावले. अलार्म वाजायला लागला, गाडी जागची हलली नाही. वॉचमनकाका तरीही एकटेच रेटत राहिले, त्यांना थांबवावं लागलं. शेवटी मुलगा स्टेशनकडे पळत गेला आणि रिक्षा घेऊन आला. काकूंना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. तोपर्यंत वीस मिनिटं गेली होती. त्या वीस मिनिटांत त्यांच्या ओठांचा रंग बदलत गेला, तो मी टॉर्चच्या उजेडात पाहिला आहे.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलमधून काकू पाचव्या दिवशी घरी आल्या. तिसऱ्या मजल्यावरची ती त्यांना भेटायला गेली आणि रडली. काकूच तिला म्हणाल्या, ‘अगं, तुझ्या गाडीला काय माहीत!’

सभा झाली. एसयूव्हीची दुसरी किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावी, असा ठराव आला. त्यावर तो म्हणाला, ‘चौदा लाखांची गाडी आहे, किल्ली अशी लटकवून कशी ठेवू?’ त्याला काही जण हसले. मी हसले नाही. आधी आपण फक्त गाडीचं जागचं हलणं शेजाऱ्यांच्या हातात देत होतो, आता अख्खी गाडीच मागत होतो. वॉचमनकाका दाराशी उभे होते. त्यांना गाडी चालवता येते का, हे त्या सभेत कोणी विचारलं नाही. येते. गावी ते टेम्पो चालवायचे. शेवटी ती एसयूव्ही आतल्या रांगेत घ्यायची असं ठरलं, आणि तिच्या जागेवरची आल्टो आडवी आली. पण पुढच्या दिवाळीपर्यंत अशा आणखी तीन गाड्या येणार आहेत. आतली रांग काही वाढणार नाही.

मध्यंतरी बाबांना घेऊन मी नवी गाडी बघायला गेले होते. शोरूममधल्या मुलाने मोठ्या कौतुकाने बटण दाखवलं. बाबांनी ते दोनदा ओढलं, दोनदा दाबलं, वाकून मागच्या चाकाकडे बघितलं.

‘बॅटरी उतरली तर हा सुटतो कसा?’

‘सर, जंप स्टार्ट करायचा.’

‘आणि जंप स्टार्टवाला येईपर्यंत?’

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी डिकी उघडून विटेला जागा आहे का ते बघत होते.