बंद चुलीचा वास

लग्न होऊन कागलहून निपाणीजवळच्या या घरी आले, तेव्हा मला कानडीचा गंधही नव्हता. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "मन्याग वासनी बराकत्तैति." मी चपापलेच. मनात वासना? नव्या सुनेला हे काय सांगताहेत! रात्री ह्यांना विचारलं, तर हे पोट धरून हसले. मन्याग म्हणजे घरात आणि वासनी म्हणजे वास. परसात उंदीर मरून पडला होता, एवढंच. त्या दिवसापासून हा आमच्या घरचा ठेवणीतला विनोद झाला.

गेल्या वर्षी मिरगाचा पाऊस सुरू झाला आणि तेच वाक्य घरात पुन्हा ऐकू येऊ लागलं. या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

वास येत होता अव्वांच्या खोलीत. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. माहेर त्यांचं गोकाकचं. मुलांशी बोलणं अजून निम्मं कानडीत, निम्मं मराठीत. त्यांची खोली म्हणजे आमचं जुनं स्वयंपाकघर. नवा ओटा पलीकडे झाला तेव्हा त्यांनीच ही खोली मागून घेतली. वास कसा, तर ओल्या राखेचा, कुबट, भिजलेल्या विडीच्या थोटकासारखा. तंबाखूच्या वासाची आम्हा निपाणीकरांना सवय असते, पण हा तो नव्हता.

सुरुवातीला गॅस गळतोय की काय, या भीतीनं नळीला आणि रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून पाहिलं. बुडबुडा आला नाही. मोरीत फिनेल ओतलं, कपाटामागं उंदीर शोधला, सकाळ-संध्याकाळ धूप घातला. धूप विझला की वास हजर. मग धाकटा एकदा पटकन बोलून गेला, "अज्जीच्या खोलीला वास येतो, मी तिथं झोपणार नाही." मुलंच ती. मी रागावले आणि विसरूनही गेले.

अव्वा मात्र विसरल्या नव्हत्या. आठ दिवसांनी भर पावसात त्या परसातल्या दगडावर वाकळ धूत बसलेल्या दिसल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय, हात थरथरताहेत. म्हटलं, "अव्वा, परवाच धुतली होती की ही." त्या वर न बघता म्हणाल्या, "वय झालं गं. अंगालाच वास मारत असंल." दिवसातून दोनदा आंघोळ कशासाठी चालली होती, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. पंधरा दिवस आम्ही मोरीत आणि कपाटात वास शोधत होतो आणि त्या स्वतःच्या अंगात शोधत होत्या.

त्याच संध्याकाळी मी उदबत्ती पेटवून खोलीभर फिरवली. झाकण्यासाठी नव्हे, वारा कुठून येतो ते बघण्यासाठी. भिंतीकडेच्या शहाबादी फरशीखाली धूर एकदम फाटला आणि खोलीत लोटला गेला. ओट्यावरचा एक्झॉस्ट फॅन बंद करून खिडकी उघडली, तर धूर सरळ वर जाऊ लागला. फरशीखाली काय होतं? आमची जुनी चूल!

ही साधीसुधी चूल नव्हती, 'अस्त्र ओले' होती. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत खेड्यांसाठी काम करणारं 'अस्त्र' नावाचं केंद्र होतं, त्यांनी ती तयार केली. ओले म्हणजे कानडीत चूल. तीन भांडी एकदम चढायची आणि धूर धुराड्यातून कौलांवर जायचा. १९८३ साली केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर कर्नाटकात या चुली घरोघर पोचल्या. गॅस आल्यावर आम्ही तिच्या तोंडावर विटा लावल्या, वर फरशी टाकली आणि मोकळे झालो. धुराडं साफ करायचं कुणाला सुचलंच नाही.

आता सगळा उलगडा झाला. धुराड्याची वरची टोपी वादळात उडाली होती, पाऊस थेट आत पडत होता. जुनी काजळी आणि राख ओल धरते आणि ओली झाली की वास सोडते. चूल पेटती असते तेव्हा गरम हवा वर ओढली जाते. थंड चुलीत ती ओढ नसते. आणि आम्ही खिडक्या लावून नवा फॅन चालवत होतो. फॅन घरातली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत येणारच. ती धुराड्यातून, काजळीचा वास घेऊन येत होती.

मी हे सांगितलं तेव्हा अव्वा थोडा वेळ गप्पच होत्या. मग म्हणाल्या, "ओलिगू उसिरु बेकव्वा." चुलीलाही श्वास लागतो गं. आणि पदर खोचून उठल्या.

पावसानं उघडीप दिल्यावर गवंडी बोलावला. विटा काढल्या, तर आत दगडासारखी घट्ट झालेली राख, काटक्यांचं घरटं आणि चिकट काजळी. अव्वा खुर्ची टाकून बसल्या आणि कुठं खरवडायचं ते सांगत राहिल्या. पूर्वी दर महिन्याला दोरीला गोणपाट बांधून धुराडं त्याच साफ करायच्या. आमचं धुराडं ॲस्बेस्टॉसच्या पाइपाचं होतं. त्याची धूळ छातीला घातक, म्हणून ते घासलं नाही की फोडलं नाही. नाकातोंडाला मास्क लावून, पाण्यानं भिजवून अख्खंच उतरवलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवलं आणि भोकावर कौल बसवलं. चुलीचं पोट खरवडून चार दिवस वाळू दिलं, मग चुन्याचे दोन हात दिले. तोंड पुन्हा विटांनी न बुजवता जाळी बसवली. आता फॅन लावताना खिडकीही उघडतो.

कुणाच्या घरी अशी बंद चूल असेल, तर पावसाळ्याआधी तिचं तोंड उघडून बघा. वास घालवायला म्हणून आत जाळ मात्र करू नका, साठलेली काजळी पेट घेते. आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर "खोलीला वास येतो" हे वाक्य जरा जपून बोला.

नागपंचमीच्या आदल्या रात्री धाकट्यानं आपलं अंथरूण उचललं आणि अव्वांच्या शेजारी नेऊन टाकलं. त्यांनी विचारलं, "वासनी?" तो म्हणाला, "इल्ला अज्जी." अव्वांनी वाकळ त्याच्या अंगावर ओढली आणि दिवा मालवला.