दुधाची वही

विसराळूपणा हा आम्हां प्राध्यापकांचा जन्मसिद्ध हक्क समजला जातो. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधणे, एका वर्गाचे पेपर दुसऱ्या वर्गात वाटणे, सासुरवाडीला निघताना सौभाग्यवतींना घरीच विसरणे, यांतले शेवटचे सोडून बाकी सारे मी केले आहे. त्यामुळे आमच्या घरात कुणी काही विसरले की ते हसण्यावारी जाते. अण्णांच्या बाबतीत हे हसणेच आम्हांला महागात पडले.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८. सोलापूरच्या एका गिरणीत साचेखात्यात ते टाइमकीपर होते. त्या काळी गावाचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा, आणि अण्णा त्या भोंग्याच्याही पाच मिनिटे पुढे! गिरणी बंद पडल्यावर चाटी गल्लीतल्या एका कापडदुकानात त्यांनी हिशेब लिहिले. तेही सुटल्यावर घरची दुधाची वही त्यांच्याकडे आली. महिनाअखेरीस गवळ्याशी चार आण्यांचाही वाद होत नसे. घरात मराठी, साच्यावरच्या पद्मशाली विणकरांशी तेलुगू, अक्कलकोटच्या पाहुण्यांशी कानडी, असा त्यांचा व्यवहार. आमच्या गावात याचे कुणाला नवल वाटत नाही.

आधी गेले ते कान. सारा जन्म साच्यांच्या खडखडाटात काढलेला. कानाचे यंत्र घेऊ म्हटले तर म्हणाले, "मी काय म्हातारा झालो का रे?" मी आग्रह धरला नाही. खरे सांगायचे तर, यंत्राची किंमत ऐकल्यावर अण्णांचे म्हणणे मला एकदम पटले होते.

मग सिद्धेश्वराच्या तळ्याकाठची संध्याकाळची बैठक मोडली. दोघे देवाघरी गेले, एक पुण्याला मुलाकडे. अण्णा घरीच बसू लागले. बोलणे कमी झाले. येणारेजाणारे कौतुक करीत, "अण्णा आता किती निवांत असतात!" वानप्रस्थाश्रम शिकवताना मी वर्गात त्यांचा दाखलासुद्धा दिला.

मी भाषेचा माणूस, म्हणून थोडा दोष भाषेलाही देतो. साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ, दुसरे बालपण... आपल्याकडे प्रत्येक लक्षणाला एक तयार शब्द आहे, आणि तो उच्चारला की पुढे विचारायचे काही उरत नाही. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' पाहताना, मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतपंडित शास्त्री हत्तीमागे भरकटत गेलेले पाहून मी डोळे पुसले होते. घरी येऊन मात्र अण्णांवर खेकसलो. तोच प्रश्न त्यांनी तिसऱ्यांदा विचारला होता ना!

एके दिवशी सौभाग्यवतींनी दुधाची वही माझ्यापुढे ठेवली. एकाच तारखेला 'अर्धा लिटर' तीन वेळा लिहिलेले. मागच्या महिन्याची बेरीजच नाही. त्याआधीच्या पानावर ती चार ठिकाणी खोडलेली. "चार महिने मीच गवळ्याचा हिशेब करते आहे," ती म्हणाली. "अण्णांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." त्या रात्री मला झोप आली नाही. आणि तरीही मी आणखी दोन महिने काही केले नाही.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली. अण्णा दर्शनाला म्हणून गेले ते अंधार पडला तरी परतले नाहीत. शेवटी एका पानवाल्याने त्यांना रिक्षातून घरी आणले. जुन्या गिरणीच्या जागेसमोर उभे राहून ते त्याला विचारीत होते, "पाळी सुटली का?"

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. एखाद्याचे नाव आठवू नये आणि तासाभराने आठवावे, हे कुणाचेही होते. पण जन्मभर हातात असलेले काम जमेनासे होणे, पायाखालची वाट चुकणे, साधा शब्द न सापडणे, माणसांतून अंग काढून घेणे, याला वय म्हणून सोडून द्यायचे नाही. त्यांनी रक्त तपासायला पाठवले, कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाडही असेच सोंग घेतो आणि तो औषधाने सुधारतो. दुर्दैवाने तसे काही निघाले नाही. मग त्यांनी अण्णांना कागद देऊन घड्याळ काढायला सांगितले, अकरा वाजून दहा मिनिटांचे. अण्णांनी वर्तुळ झकास काढले आणि बाराही आकडे उजव्या अंगाला कोंबले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्यानंतर वाचनाचा सपाटा लावला. आम्हां लोकांना दुसरे येते काय! 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने २०२४ साली चौदा कारणे सांगितली. ती आवरली तर सुमारे ४५ टक्के रोग टळू शकतो किंवा पुढे ढकलता येतो. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान ही आपल्या ओळखीची मंडळी त्यांत होतीच. पण बहिरेपण आणि एकाकीपणही होते. मी ते पान दोनदा वाचले. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रोग्यांची पाहणी करून २०१३ साली लिहिले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा रोग सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला, शाळेची पायरी न चढलेल्यांतसुद्धा. अण्णांच्या तीन भाषांनी कदाचित त्यांना इतकी वर्षे सांभाळले असेल. ऐकू येईना म्हणून त्या तिन्ही आम्ही आमच्या डोळ्यांदेखत बंद पडू दिल्या.

यंत्र घेतले, उशिरा का होईना. दुखणे मागे फिरणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. पण शेजारच्या पद्मशाली आजी दुपारी येऊन बसतात आणि अण्णा त्यांच्याशी तेलुगूत तासभर बोलतात. काय बोलतात ते आम्हांला कळत नाही. मधूनच दोघेही खदखदून हसतात. दुधाची वही अण्णांकडेच आहे. खरा हिशेब सौभाग्यवती कॅलेंडरवर ठेवतात.

या रोगाची बीजे पुष्कळदा चाळिशीतच पडतात, असे डॉक्टर जाता जाता म्हणाले होते. म्हणून मीही रक्तदाब मोजून घेतला. १५०/९५ निघाला. आता रोज सकाळी चहानंतर एक गोळी घ्यायची आहे, आणि मी पडलो विसराळू. पण अण्णा विचारतात, "गोळी घेतलीस का रे?" दहा मिनिटांनी पुन्हा विचारतात. अंघोळीला निघालो की पुन्हा. त्यामुळे अजून एकही दिवस चुकलेला नाही.