खर्च, दवाखाना आणि न्यायासन : ग्रीन्सबरोच्या खटल्यातून काय घ्यावे?

अमेरिकेतील पुराणमतवाद्यांची तीन भाषणे ठरलेली आहेत. पहिले, सरकार फार खर्च करते. दुसरे, आरोग्यसेवेत सरकारने हात घालू नये, ती डॉक्टर, रुग्ण आणि बाजार यांच्यावर सोडावी. तिसरे, न्यायाधीश असे नेमावेत जे संविधानाचा मूळ अर्थ तेवढाच सांगतील, स्वतः कायदा करणार नाहीत. बराक ओबामांनी २००९ साली ७८७ अब्ज डॉलरचे मंदी-निवारण पॅकेज आणले, त्याच वर्षी सोनिया सोटोमायोर यांना सुप्रीम कोर्टावर नेमले आणि २०१० साली आरोग्यविमा कायदा केला. तेव्हा ही तिन्ही भाषणे एकाच व्यासपीठावरून, एकाच दमात ऐकू आली.

आमच्या अभ्यासवर्गातले तरुण विचारतात, यात आपला काय संबंध? पैशाचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांचा, दवाखाना डॉक्टरांचा, नेमणुका वकिलांच्या. आम्ही म्हणतो, हे तीन विषय वेगळे आहेत असे आपल्याला वाटावे यातच प्रस्थापितांचा फायदा आहे. ज्याला दवाखान्याच्या दारातून परत पाठवले जाते त्याच्यासाठी हा विषय एकच असतो. याचा पुरावा नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरात आहे.

१९४६ साली अमेरिकेच्या संसदेने दवाखाने बांधण्यासाठी केंद्राचा पैसा देणारा हिल-बर्टन कायदा केला. त्यात एक मेख होती. काळ्यांसाठी 'स्वतंत्र पण समान' सोय असेल, तर एखाद्या दवाखान्याने त्यांना वेगळे काढले तरी चालेल, असे कायद्यातच लिहिले होते. म्हणजे कर सर्वांचा, इमारत सर्वांच्या पैशाची, पण दार गोऱ्यांचे. ग्रीन्सबरोतल्या दोन मोठ्या खाजगी दवाखान्यांनी या योजनेतून लाखो डॉलर घेतले. एक दवाखाना काळ्या रुग्णांना घेतच नव्हता, दुसरा मोजक्यांना अटी घालून घेत होता. काळ्या डॉक्टरांना तिथे काम करायला मज्जाव होता.

१९६२ साली जॉर्ज सिमकिन्स या काळ्या दंतवैद्याने काही डॉक्टर, दंतवैद्य आणि रुग्णांना सोबत घेऊन दावा लावला. दवाखान्यांचा बचाव काय होता? आम्ही खाजगी संस्था आहोत, संविधानातले समतेचे बंधन सरकारवर असते, आमच्यावर नाही. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाचा विषय काढला की आपल्याकडे जे उत्तर मिळते, त्याच्याशी हे ताडून पाहा.

खालच्या कोर्टात सिमकिन्स हरले. अपिलात, नोव्हेंबर १९६३ मध्ये, फोर्थ सर्किट कोर्टाने ३ विरुद्ध २ मतांनी निकाल फिरवला. सरकारचा पैसा आणि सरकारची योजना घेतलीत, तर संविधानाचे बंधनही घ्यावे लागेल, आणि कायद्यातले ते 'स्वतंत्र पण समान' कलम घटनाबाह्य आहे, असा त्याचा सारांश. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

एका मताचा फरक. म्हणून ती मते कोणाची होती हे पाहिले पाहिजे. निकाल लिहिणारे मुख्य न्यायाधीश सायमन सोबेलॉफ. सरकारचे वकील असताना त्यांनी शाळांतील वंशभेद संपवण्याच्या अंमलबजावणीसाठी सुप्रीम कोर्टात युक्तिवाद केला होता. त्याचा राग धरून दक्षिणेच्या सिनेटरांनी त्यांची नेमणूक सुमारे वर्षभर अडवून धरली. १९५६ साली ती मंजूर झाली. विरोधी मत देणाऱ्यांत होते क्लेमंट हेन्सवर्थ. त्यांनाच १९६९ साली निक्सन यांनी सुप्रीम कोर्टासाठी सुचवले. कामगार आणि नागरी हक्क संघटनांनी जोरदार विरोध केला आणि सिनेटने ५५ विरुद्ध ४५ मतांनी ते नाव फेटाळले. सोबेलॉफ यांची नेमणूक अडवणाऱ्यांना यश आले असते, तर ग्रीन्सबरोचे ते दार तेव्हा उघडले असते का?

आता खर्चाची बाजू बघू. १९६१ साली रोनाल्ड रेगन यांनी डॉक्टरांच्या संघटनेसाठी एक ध्वनिमुद्रिका केली. वृद्धांना सरकारी आरोग्यविमा दिला तर देशात समाजवाद येईल, हे त्यातले सांगणे. तरीही १९६५ साली मेडिकेअर आले. १ जुलै १९६६ पासून योजना सुरू होणार होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे, भेदभाव करणाऱ्याला केंद्राचा पैसा नाही. सरकारने दवाखान्यांना सांगितले, काळे-गोरे वॉर्ड मोडा, नाहीतर पैसे विसरा. पिढ्यान्‌पिढ्या न हललेली भिंत हजारावर दवाखान्यांत काही महिन्यांत पडली. यात हृदयपरिवर्तन कुठे होते? अर्थसंकल्पातली तरतूद होती आणि तिला जोडलेली अट होती. 'वायफळ खर्च' म्हणून ज्याची टिंगल झाली, त्या खर्चाने हे काम केले.

याचा उलटा धडाही आहे. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने ओबामांचा विमा कायदा वाचवला, पण गरिबांच्या मेडिकेड योजनेचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. नव्याने येणाऱ्या गरिबांचा पहिली तीन वर्षे सगळा आणि पुढे २०२० पासून ९० टक्के खर्च केंद्र देणार होते. तरीही टेक्सास, मिसिसिपी, अलाबामा, साउथ कॅरोलायना या राज्यांनी विस्तार घेतला नाही. तिथल्या गरिबांत काळ्यांची संख्या मोठी आहे हे सांगायला नको. काटकसर हेच खरे कारण असते, तर याच पक्षाने २०१७ साली कंपन्यांवरचा कर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणला नसता. संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने त्या वर्षीच्या एकूण करकपातीमुळे अकरा वर्षांत सुमारे १.९ लाख कोटी डॉलरची तूट वाढेल, असा हिशेब दिला होता. श्रीमंताला दिले तर ते प्रोत्साहन, गरिबाला दिले तर तो बोजा!

मग सरकारी खर्चावर टीका करणारा प्रत्येकजण आपला शत्रू समजायचा का? नाही. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकले, प्रांतिक वित्तव्यवस्थेवर त्यांनी प्रबंध लिहिला. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षकाला संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले. पैशाचा चोख हिशेब मागणे हा आंबेडकरी बाणाच आहे. न्यायाधीशांच्या नेमणुकीवरही २४ मे १९४९ रोजी ते बोलले. कार्यकारी सत्तेला मोकळे रान देणे त्यांना धोक्याचे वाटत होते. अमेरिकेसारखी सिनेटची संमती त्यांना किचकट आणि राजकीय दबावाला वाव देणारी वाटली. आणि सरन्यायाधीशांना नकाराधिकार द्यावा, तर तेही शेवटी माणूसच, त्यांनाही कल आणि पूर्वग्रह असणार, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सोबेलॉफ यांना वर्षभर लटकवणारी आणि हेन्सवर्थ यांना रोखणारी सिनेट एकच होती. पद्धत कोणतीही असो, जागे कोण आहे यावर फळ ठरते.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. खर्च किती, एवढ्यावर थांबू नका. तो कोणाच्या वाट्याचा आणि कोणत्या अटीवर, हे विचारा. न्यायाधीश कायद्याचा मूळ अर्थ सांगतो म्हणतो, तेव्हा तो अर्थ लिहिला गेला त्या वेळी आपला माणूस त्या खोलीत होता का, हे विचारा.

याचा उपयोग उद्या सकाळपासून करता येतो. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेचे ते बंधन आहे. आम्ही वस्तीतल्या रुग्णांना घेऊन अशा रुग्णालयांत गेलो, तेव्हा 'खाट शिल्लक नाही' हे उत्तर अनेकदा ऐकले. लेखी मागितले, धर्मादाय आयुक्तांचे नाव काढले, की काही वेळा तीच खाट रिकामी झाली. सिमकिन्सनी हेच केले होते : सवलत घेतलीत ना, मग बंधन दाखवा.

तरुणांनो, जयंतीच्या मिरवणुकीइतकीच गर्दी अर्थसंकल्पाच्या वाचनाला जमू द्या. जिल्ह्याच्या आरोग्य खर्चाचा कागद, रुग्णालयातल्या राखीव खाटांचा तक्ता आणि न्यायालयांत आपली किती माणसे आहेत याचा हिशेब, हे तीन कागद एकाच फाइलीत लावा.

जयभीम!